अ‍ॅनिलीन-रंजित चर्मासनांची दुरुस्ती : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या हवामानाच्या संदर्भात

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत चामड्याने मढविलेल्या आसनांचे दोन निराळे संच पाहावयास मिळतात. पहिला माथेरानच्या जुन्या बंगल्यांत जेथे तो टिकून राहिला आहे तेथील. दुसरा मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी गेल्या तीन-चार दशकांत बांधलेल्या सुट्टीच्या घरांतील. दोहोंच्या वयात आणि चामडे कमावण्याच्या रीतीत पुष्कळ अंतर असले तरी दोहोंवर ओढवणारे संकट एकच आहे. ही घरे ऐन पावसाळ्यात बंद असतात. माथेरानवर वर्षाकाठी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरात दार उघडले म्हणजे कोचावर पांढुरकी बुरशी, हातांवर काळवंडलेले पट्टे आणि बैठकीवर पाण्याच्या कडा दिसतात. मालक मग रंगाऱ्यास बोलावितो, आणि खरे नुकसान पुष्कळदा तेथून सुरू होते.

ते का, हे कळण्यास 'अ‍ॅनिलीन' या नावाचा अर्थ प्रथम पाहिला पाहिजे. ऑटो उन्फरडॉर्बेन याने १८२६ मध्ये निळीचे ऊर्ध्वपातन करून हे द्रव्य मिळविले. पुढे फ्रिट्शे याने निळीच्या 'अनिल' या नावावरून त्याचे नामकरण केले. हा शब्द पोर्तुगीज व अरबी यांच्या मार्गे आपल्याच 'नील' या शब्दापर्यंत पोहोचतो. १८५६ मध्ये विल्यम पर्किन याने अ‍ॅनिलिनापासून जांभळा रंग बनविल्यावर कृत्रिम रंजकांचे युग सुरू झाले. आज चर्मोद्योगात वापरली जाणारी रंजके रासायनिकदृष्ट्या बरीच निराळी आहेत. नाव मात्र रूढीने चालत आले आहे. व्यवहारात 'अ‍ॅनिलीन चामडे' म्हणजे जे केवळ विद्राव्य रंजकाने रंगविले आहे, ज्यावर अपारदर्शक रंगद्रव्याचा थर नाही, असे चामडे होय.

हा भेद मूलभूत आहे. रंजक विरघळून कोलॅजेनच्या तंतूंत शिरते. रंगद्रव्याचे कण मात्र विरघळत नाहीत. ते बंधकाच्या साहाय्याने पृष्ठावर पापुद्र्यासारखे चिकटून राहतात. त्यामुळे अ‍ॅनिलीन चामड्यात कातडीची रंध्रे, शिरा, जनावराच्या अंगावरील जुने ओरखडे हे सर्व दिसत राहते, स्पर्श मऊ लागतो, आणि हवेतील बाष्प त्यातून ये-जा करते. परंतु ज्या वाटेने बाष्प जाते त्याच वाटेने तेल, घाम, शाई आणि चहाही आत जातात. ओळखण्याची रीत सोपी आहे : आसनाच्या मागील, न दिसणाऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मुरून तेथे गडद ठिपका उमटला, तर चामडे अनावृत आहे. मण्यासारखा तसाच राहिला, तर वर थर आहे.

हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की चामड्यावर बुरशी वाढू लागते, आणि पावसाळ्यातील बंद खोलीत ही मर्यादा महिनोन्‌महिने ओलांडलेली असते. बुरशीचे अन्न म्हणजे चामड्यातील स्निग्धांश आणि वर बसलेला मळ. म्हणून ओल्या फडक्याने ती पुसणे अनर्थकारक ठरते; बीजाणू रंध्रांत ढकलले जातात आणि ओलही वाढते. आसन उघड्या, वाहत्या हवेत सावलीत वाळवून नंतर मऊ कुंचल्याने कोरडेच झाडावे. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळविलेले चामडे आखडते व ताठर होते. माथेरानची तांबडी धूळही अशीच आधी कोरडी काढली पाहिजे, कारण पाण्यासह ती खोल उतरते.

डागांचे स्वरूप कमावण्याच्या रीतीवर अवलंबून असते. जुन्या खुर्च्यांचे चामडे वनस्पतिजन्य टॅनिनाने कमावलेले असते. कर्जतहून खांडसमार्गे भीमाशंकराकडे चढणाऱ्या रानात ज्याची झाडे आहेत तो हिरडा हे या टॅनिनाचे एक प्रसिद्ध उगमस्थान. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करीत, हे वाचकांस ठाऊक असेलच. लोखंडी खिळ्याभोवती बैठकीवर उमटणारे काळे वर्तुळ ही तीच शाई होय : गंजातून सुटलेले लोह आणि चामड्यातील टॅनिन ओलाव्याच्या साहाय्याने एकत्र येतात. ऑक्झॅलिक आम्लाने हा डाग फिका पडतो खरा. पण ते विषारी असून रंजकही उडविते, व मागे राहिलेले आम्ल तंतूंना कमकुवत करते. असा डाग तसाच राहू देणे आणि खिळा बदलून पितळी घालणे हेच बहुधा शहाणपणाचे. क्रोम-क्षारांनी कमावलेल्या अलीकडच्या कोचांवर ही आपत्ती सहसा येत नाही. तेथे मुख्य शत्रू म्हणजे डोके टेकण्याच्या जागी मुरलेले केसांचे तेल. त्यावर मुलतानी मातीसारखी शोषक भुकटी पसरून ठेवावी, आणि हे अनेक वेळा करावे लागते.

धुण्यासाठी अंगाचा साबण वापरणे हा सार्वत्रिक प्रमाद आहे. चामड्याचा सामू साधारणतः ३.५ ते ५ असतो, साबणाचा ९ ते १०. या विम्लतेने रंजक सुटते आणि स्निग्धांशही निघून जातो. सौम्य, किंचित आम्लधर्मी धावक फेसाच्या रूपाने संपूर्ण पृष्ठभागावर सारखा फिरविला तर पाण्याच्या कडा उमटत नाहीत. एकट्या डागावर घासल्यास हमखास उमटतात. झिजून तंतू वर आलेला भाग अतिबारीक काचकागदाने हळुवार घासून विरल बंधकाने बसवावा. रंग विटला असेल तेथे पाणी व अल्कोहोल यांत विरघळविलेले रंजक फवाऱ्याने अनेक पातळ हातांत द्यावे, गमावलेला स्निग्धांश भरून काढावा, आणि शेवटी अत्यंत पातळ पारदर्शक लेप द्यावा. रंजक पारदर्शक असल्याने त्याने डाग झाकला जात नाही, फक्त भोवतालच्या रंगात थोडा विरून जातो. मालकास हे आधीच सांगितलेले बरे.

झाकण्याचे काम रंगद्रव्य करते, आणि रंगाऱ्याचा ओढा म्हणूनच तिकडे असतो. एका दिवसात कोच नवा दिसतो. परंतु तेल मुरलेल्या जागी तो थर नीट चिकटत नाही व सोलपटून निघतो. मग दुसरा द्यावा लागतो. बाष्पाची वरची वाट आखडल्याने आत शिरलेली ओल निघण्यास वेळ लागतो, आणि पावसाळी बंद घरात हा दोष कोरड्या प्रदेशापेक्षा अधिक भोवतो. थर काढावयाचा म्हटले तर तीव्र विद्रावके लागतात, ती खालचे रंजकही ओढून नेतात. एवढ्या पैशांत जे विकत घेतले होते ते चामडे त्या घरात त्यानंतर उरत नाही. कातडी फारच चिरफाळली असेल, किंवा मालकास टिकाऊपणाच हवा असेल, तर रंगद्रव्य त्याज्य नव्हे. मात्र ती दुरुस्ती नसून रूपांतर आहे.

एक अवस्था मात्र याही पलीकडची आहे. गंधकाच्या ऑक्साइडांनी दूषित हवेत वर्षानुवर्षे राहिलेले वनस्पती-टॅनिनाचे चामडे तांबूस भुकटी होऊन झडू लागते. लंडनच्या अथीनियम क्लबातील पुस्तकांच्या बांधण्या अशा झडत असल्याचे मायकेल फॅरेडे याने १८४३ मध्ये पाहून दिव्यांच्या गॅसकडे बोट दाखविले होते. अशा चामड्यास पाणी लागताच ते काळे व कठीण होते, म्हणून येथे धुणे व पाण्यातील रंजक दोन्ही वर्ज्य. अल्कोहोलमध्ये विरघळविलेल्या हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजाने भुकटी जागच्या जागी बांधता येते. गेलेले बळ परत येत नाही, आणि अशी खुर्ची पुन्हा बसण्यासाठी वापरू नये.

माथेरानवर मोटारींना मज्जाव असल्याने आणि नेरळ ते अमन लॉज हा गाडीचा टप्पा पावसाळ्यात बंद राहत असल्याने जड कोच कारखान्यात नेणे खर्चाचे पडते. काम जागेवरच करावे लागते. त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने निवडावेत, आणि जूनपूर्वी आसने भिंतीपासून वीतभर पुढे ओढून, प्लॅस्टिकाऐवजी सुती चादरीने झाकून ठेवावीत.