महालक्ष्म्या आल्या... गोळी घेतली का?

भाद्रपद जवळ आला की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत दोन याद्या होतात. एक उघड, एक गुपचूप. उघड यादीत सोळा भाज्या, पुरणाची डाळ, आंबिलीसाठी ज्वारी, फुलोऱ्याचं सामान. गुपचूप यादीत एकच आयटम... पाळी पुढे ढकलायची गोळी!

पुण्यात नोकरी करून सणाला ट्रॅव्हल्स पकडणाऱ्या माझ्यासारख्या वऱ्हाडी पोरींना हे नवं नाही. लॅपटॉपवर क्लायंटची डेडलाइन आणि फोनवर आई, ‘‘तुही तारीख कधी हाये व बाई?’’ अर्थात, ही तारीख प्रोजेक्टची नसते! महालक्ष्म्या झाल्या की नवरात्र, मग कुणाचं तरी लग्न. गोळी आहेच.

पण ही गोळी नेमकं करते काय?

बॉस, मॅनेजर आणि टीम

आपलं हार्मोन्सचं ऑफिस समजून घ्या. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा बॉस. तो थोड्या थोड्या वेळाने ‘जीएनआरएच’ नावाचा मेसेज सोडतो. मॅनेजर पिट्युटरी त्यावरून एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स पाठवते. मग अंडाशयाची टीम कामाला लागते. आधी इस्ट्रोजेन तयार होतं, अंडं बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन. टीमचा रिपोर्ट वर पोचला की बॉस मेसेज कमी करतो. ही झाली फीडबॅक सिस्टिम.

गर्भधारणा झाली नाही, तर साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन घसरतं. गर्भाशयाचं अस्तर सुटतं. पाळी येते.

गोळीत असतं नॉरइथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा कृत्रिम भाऊ. ती सहसा अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. शरीराला वाटतं, प्रोजेस्टेरॉन अजून आहे, आणि अस्तर टिकून राहतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी हजर! म्हणजे पाळी रद्द होत नाही, फक्त मीटिंग पुढे जाते.

हे औषध पहिल्यांदा तयार झालं १९५१मध्ये, मेक्सिकोत. लुईस मिरामोंतेस, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या टीमने ते बनवलं. कच्चा माल होता तिथला एक रानकंद, आपल्या कोनफळाच्या कुळातला! गर्भनिरोधक गोळ्यांच्या शोधातला हा मोठा टप्पा. जास्त रक्तस्राव, एंडोमेट्रिओसिस यांवरही हे औषध वापरतात. हार्मोन्सचा उपयोग त्याच्याही पुढे आहे. टेस्ट ट्यूब बेबीसाठी अंडी वाढवायची असतील तर हार्मोनची इंजेक्शनं लागतात. सरकारी दवाखान्यात २०१७पासून आलेलं ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शनही हार्मोनचंच.

थोडक्यात, हार्मोन व्हिलन नाही. पण ते चॉकलेटही नाही.

मेडिकलवाल्याने काही विचारलंच नाही

गेल्या वर्षी अकोल्याच्या माझ्या मामेबहिणीने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्ट्रिप मागवली. दुकानदाराने ती कागदात गुंडाळून दिली. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. ताईला अर्धशिशी आहे. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेघा चमकतात. मी म्हटलं, ‘‘ताई, आधी डॉक्टरले विचार ना.’’ डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळीला सरळ नाही म्हटलं.

कारण साधं आहे. या गोळीचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांत असतं तेच हे इस्ट्रोजेन. त्याने रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. बहुतेक जणींना चार-आठ दिवसांत काहीच होत नाही; पण ताईसारखी अर्धशिशी असेल, आधी गुठळी झाली असेल किंवा घरात कुणाला झाली असेल, तर हिशेब बदलतो.

ताईची पाळी नेमकी पूजेच्या दिवशी आली. सासूबाईंनी तिला पूजेला बसवलं नाही. पण ‘‘गोळी काहून नाही घेतली?’’ असंही विचारलं नाही. म्हणाल्या, ‘‘जीव राह्यला त पुढच्या साली बसजो.’’ पुरण दादाने वाटलं. जाडसर झालं, पण संपलं!

सोवळं पाळायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. गोळी स्वतःच्या मर्जीने, ट्रेकसाठी किंवा परीक्षेसाठी घेणाऱ्याही आहेत. माझा मुद्दा एवढाच, की शरीर जिचं, तिला पूर्ण माहिती हवी, आणि ‘नको’ म्हणायची मुभाही.

स्ट्रिप उघडण्याआधी

* तारखेच्या निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा. अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग ही सरकारी स्त्री रुग्णालयं आहेतच.
* अर्धशिशी, गुठळी, लिव्हरचा आजार, स्तनाचा कॅन्सर, सिगारेट... लाजू नका, सांगा.
* गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी टेस्ट.
* पाळी पुढे ढकलण्यापुरती घेतलेली गोळी गर्भनिरोधक नाही!
* एकाच पायाची पोटरी सुजली-दुखली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा अचानक दिसेनासं झालं, तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि गोळी घेतल्याचं आधी सांगा.
* मैत्रिणीची उरलेली स्ट्रिप? ड्रेस उसना घ्या, हार्मोन नको.