पाळकालाही मेंढपाळ लागतो

मराठी ख्रिस्ती मंडळीत धर्मोपदेशकाला पाळक म्हणतात. मंडळी हा कळप आणि तो सांभाळणारा पाळक, अशी ही कल्पना. रविवारची उपासना आणि उपदेश हा त्याच्या कामाचा दिसणारा भाग. उरलेल्या दिवसांत घरभेटी, दवाखान्याच्या फेऱ्या, लग्ने, अंत्यविधी, नवरा-बायकोतली भांडणे, कमिटीतले वाद आणि इमारतीच्या डागडुजीचा हिशेब असतो. दुसऱ्याच्या दुःखापाशी रोज बसणाऱ्या या माणसाला स्वतःचे दुःख सांगायला मात्र जागा सापडत नाही. तो थकला, तर त्याचा विश्वासच उणा पडला असे लोकांना वाटते आणि पुष्कळदा त्यालाही वाटते.

बायबलचे म्हणणे वेगळे आहे. एलिया संदेष्ट्याची गोष्ट राजे या पुस्तकाच्या पहिल्या खंडात, 19 व्या अध्यायात येते. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. एलिया झोपी जातो. देवदूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो आणि पुन्हा त्याला खायला मिळते. होरेब डोंगरावर देवाचा मंद स्वर ऐकू येतो तो त्यानंतर. आपण एकटेच उरलो, या त्याच्या तक्रारीला उत्तर मिळते की सात हजार लोक अजून निष्ठावंत आहेत. शिवाय सोबतीला अलीशा मिळतो. देवाची प्रीती इथे आधी भाकर होऊन येते, काम मागाहून सांगते.

पेत्राच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. त्याने येशूला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थानानंतर येशू तळ्याकाठी निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार ठेवतो, शिष्यांना जेवू घालतो आणि मग पेत्राला त्याच्या प्रीतीविषयी तीनदा विचारतो. मेंढरे सांभाळण्याचे काम त्याच्याकडे येते ते या संवादातून. पाळकपण हे कर्तबगारीचे बक्षीस नाही, हा या प्रसंगाचा फार मोठा दिलासा आहे.

या प्रीतीला मराठीत जवळचा शब्द मिळाला तो ‘माउली’. तो ख्रिस्तासाठी वापरणारे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आधी नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचे काम करत होते. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन ओढून घेतले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वारकऱ्यांच्या अभंगाचीच वाट धरून त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले. आईपुढे लेकराला थकवा लपवावा लागत नाही.

नागपूरच्या मिशनने थकव्याची किंमत आरंभीच मोजली. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी मिशनचे काम केले आणि नागपूर परिसरातल्या खडकांचा, जीवाश्मांचा अभ्यासही सोबतीने केला. प्रकृती साथ देईना म्हणून हंटर 1855 मध्ये मायदेशी परतले. हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या प्रवाहात बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 मध्ये सुरू झाले. हिस्लॉपबद्दल बोलताना हंटर सहसा विसरले जातात. परत जाणे म्हणजे सेवेत हरणे नव्हे, हे ध्यानात घेतले तर त्यांनाही न्याय मिळेल.

पाळकाला धीर देणे हे बरेचसे व्यवस्थेचे काम आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्यायनिवाडे करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो की अशाने तूही झिजशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमली जातात. अशी रचना आजही आढळते. सहा मंडळ्या एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात पाळकाच्या वर बिशप असतो आणि बरोबरीने निवडलेली कमिटी असते. बिशप हा पाळकांचा पाळक, ही जुनी समजूत बदल्या आणि बैठकांपलीकडे जाऊन पाळली गेली, तर नागपूरच्या सदर भागातल्या किंवा खेड्यातल्या पाळकाला मन मोकळे करायला एक दार मिळते. मंडळीच्या हाती साध्या गोष्टी असतात: रविवारच्या श्रमानंतर सोमवारी सुट्टी, आजाऱ्यांच्या भेटी वाटून घेणे, वेळेवर वेतन, आणि पाळकाच्या घरी काहीही न मागता, नुसती प्रार्थना करण्यासाठी जाणे.