निष्पर्ण वृक्षाचे चित्र

वृक्ष म्हटला, की पानाफुलांनी बहरलेले झाड डोळ्यांपुढे उभे राहते. पाने झडून गेलेला वृक्ष पाहणाऱ्याला उदास वाटतो. त्याच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. परंतु छायाचित्रणकलेच्या अगदी बाल्यावस्थेत एका इंग्रज संशोधकाने आपला कॅमेरा अशाच एका वृक्षासमोर नेऊन ठेवला. त्याचे नाव विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट.

टॅलबट (१८००–१८७७) हा गणित, वनस्पतिशास्त्र व प्राचीन भाषा यांचा व्यासंगी होता. चित्रकला मात्र त्याला साध्य झाली नव्हती. १८३३ साली इटलीतील कोमो सरोवराच्या काठी तो तेथील देखावा रेखाटू लागला. समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर भासविणारे एक उपकरणही त्याच्यापाशी होते; तरीही चित्र काही केल्या साधेना. तेव्हा त्याच्या मनात विचार आला, की प्रकाशाकडूनच ही प्रतिमा कागदावर कायमची उमटवून घेता आली तर? या एका प्रश्नाचा त्याने अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि १८४१ साली ‘कॅलोटाइप’ नावाच्या आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले.

या पद्धतीत चांदीच्या क्षारांचा लेप दिलेला कागद कॅमेऱ्यात ठेवीत. त्यावर जेथे प्रकाश पडे, तेथे तो रसायनांच्या योगाने काळा होई. म्हणून पहिल्या चित्रात आकाश काळे व झाड पांढरे दिसे. या उलट्या चित्रास ‘निगेटिव्ह’ म्हणतात. ते लेप दिलेल्या दुसऱ्या कागदावर दाबून उन्हात ठेवले, की काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे होऊन खरे चित्र मिळे. एका निगेटिव्हवरून अशी कितीतरी चित्रे काढता येत. पुढे फिल्मवरील छायाचित्रणाने हेच तत्त्व स्वीकारले.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात लॅकॉक अ‍ॅबी येथे टॅलबटचे घर होते. १८४२-४३ च्या सुमारास त्याने हिवाळ्यातील एका ओक वृक्षाचे छायाचित्र घेतले. फिक्या आकाशावर त्या वृक्षाचा भक्कम बुंधा, त्यातून फुटलेल्या फांद्या आणि फांद्यांतून फुटलेल्या डहाळ्या यांचे जाळे पसरलेले आहे. ज्या मनुष्याच्या हाताला साधा देखावा साधला नव्हता, त्याच्या कागदावर बारीकसारीक डहाळ्यांची नक्षी उमटली!

अशा चित्रासाठी निष्पर्ण वृक्ष फार सोयीचा होता. त्या काळी कागदावर प्रतिमा उमटण्यास बराच वेळ लागे. तेवढ्या वेळात वाऱ्याने पाने हलत आणि चित्र अस्पष्ट होई. निवांत दिवशी उघड्या फांद्या मात्र स्थिर राहत. शिवाय तो कागद निळ्या प्रकाशास जसा चटकन प्रतिसाद देई, तसा हिरव्या प्रकाशास देत नसे. त्यामुळे पानांनी भरलेले झाड चित्रात काळ्या ढिगासारखे दिसे. पाने गेली, की झाडाची खरी घडण उघडी पडे.

आजचा कॅमेरा क्षणार्धात चित्र टिपतो. तरी प्रकाशाचे नियम बदललेले नाहीत. प्रकाश झाडाच्या मागून आला, तर फांद्यांची काळी आकृती स्पष्ट दिसते. तो बाजूने तिरपा आला, तर सालीच्या भेगांत सावल्या साचतात आणि सालीचा खडबडीत पोत हाताला जाणवावा इतका उठून दिसतो. दक्षिण इंग्लंडमध्ये डिसेंबरच्या अखेरीस सूर्य मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे १५ अंशच वर येतो. त्यामुळे तेथे हिवाळ्यात असा तिरपा प्रकाश ऊन असेपर्यंत दिवसभर मिळतो. महाराष्ट्रात मध्यान्हीचा सूर्य बराच वर असतो. म्हणून येथे सकाळची व सायंकाळची वेळ साधावी लागते.

इंग्लंडमधील वृक्ष थंडी व अपुरा सूर्यप्रकाश यांमुळे पाने टाकतात. महाराष्ट्रातील साग व सावर पाण्याची टंचाई सोसण्यासाठी पाने गाळतात. कारणे भिन्न असली, तरी हेतू एकच, तो म्हणजे प्रतिकूल काळात तग धरणे. म्हणून पाने झडलेला वृक्ष मेलेला नसतो. निष्पर्ण ओकच्या डहाळीचे टोक जवळून पाहिले, तर तेथे लहान लहान कळ्यांचा झुबका दिसतो. येत्या वसंतातील पालवी त्या कळ्यांत आधीपासूनच तयार असते.