भेंडी मोडून घेता, मग चामडं?

मैत्रिणींनो, आमच्या चिंचवडच्या बचत गटाने पर्स शिवायला घेतल्या, तेव्हा 'अस्सल लेदर' म्हणून आणलेला माल निघाला चक्क रेक्झिन! दोन महिन्यांत पापुद्रे सुटले, पर्स परत आल्या आणि गटाची शिल्लक गेली. तेव्हापासून आम्ही माल आधी उलटा करून बघतो. मागे कापड दिसलं तर रेक्झिन. चामड्याला सहसा बारीक तंतू दिसतात.

पण खरं चामडंही सगळं सारखं नसतं. म्हशीचं जाड आणि दणकट. ते चपलेच्या तळाला, कमरेच्या पट्ट्याला. शेळीचं पातळ, मऊ, तरी चिवट. ते पर्सला, पाकिटाला. मेंढीचं सर्वांत मऊ, पण लवकर फाटतं.

कमावण्याची रीतही बघायला हवी. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते वापरून पायाचा आकार धरतं, पण पाणी शोषतं, म्हणून पावसात जपावं लागतं. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ राहतं, उष्णताही जास्त सोसतं. भोसरी-चाकणकडे वेल्डिंग करणाऱ्यांचे हातमोजे बघा, ते बहुधा याच चामड्याचे!

आता आम्ही पर्सला शेळीचंच घेतो, आणि पहिली पर्स महिनाभर स्वतः वापरतो. भेंडी मोडून बघितल्याशिवाय आपण घेत नाही ना? मग चामडंही उलटून बघा. कष्टाचा पैसा आहे बायांनो!