किल्ल्याच्या दारावरची नोटीस

मी लातूरला वकिली करते. वाटणीचे दावे, बांधाची भांडणं, रस्त्याच्या हक्काची प्रकरणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे जुन्या वास्तूंशी माझी ओळख सातबाऱ्यावरून झाली. एका स्मारकालगत शेत असलेले काका फाइल घेऊन आले आणि म्हणाले, "वकीलबाई, माझ्या जमिनीत बांधकाम करायला पुरातत्त्वाला का विचारायचं? अन् त्यांनी हे ठरवलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळतं. दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

कायदा म्हणतो, विचारलं पाहिजे. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा 1960 चा आणि केंद्राचा 1958 चा. दोन्हींच्या कलम 4 मध्ये पद्धत जवळपास एकच आहे. एखादी वास्तू संरक्षित करायची असेल, तर सरकारने आधी तसा इरादा राजपत्रात जाहीर करायचा, त्या अधिसूचनेची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावायची आणि दोन महिने थांबायचं. ज्याचा संबंध पोचतो तो कोणीही त्या मुदतीत हरकत घेऊ शकतो. हरकतींचा विचार केल्यावरच अंतिम घोषणा करता येते.

मराठवाड्यात मात्र संरक्षणाची सुरुवात याच्याही आधीची आहे. हैदराबाद संस्थानात 1914 साली पुरातत्त्व खातं उभं राहिलं, गुलाम याझदानी त्याचे पहिले प्रमुख. संस्थानचा स्मारक कायदा 1337 फसलीचा, म्हणजे साधारण 1927-28 चा. अजिंठ्यासाठी याझदानींनी केलेलं काम मोठं आहे, ते आदरानेच सांगितलं पाहिजे. पण त्या राज्यात रयतेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे 1951 च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांची यादी केली आणि ती यादी 1958 च्या कायद्यात तशीच सामील झाली. तेव्हा पुन्हा नोटीस लावायची गरज उरली नाही. काकांच्या प्रश्नामागे हा इतिहास आहे.

लातूर आणि नांदेड या आपल्या दोन जिल्ह्यांत उदगीर, औसा, कंधारचे किल्ले, खरोशाची लेणी, होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं ही राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडची स्मारकं. लोकांना का विचारायचं, हे कंधारला गेलं की लगेच कळतं. ही राष्ट्रकूटांची नगरी. गावाजवळचा तलाव आजही जगत्तुंगाच्या, म्हणजे तिसऱ्या गोविंदाच्या नावाने ओळखला जातो. क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुकडे इथेच सापडले. संरक्षणाची हद्द किल्ल्याच्या खंदकाशी थांबली, तरी इतिहास गावभर पसरलेला आहे. कुणाच्या परसात कोरीव खांब उभा आहे, कोणत्या पारावर वीरगळाला शेंदूर लागतो, विहीर खणताना कुठे जोतं लागलं, हे मोजणीदाराला कोण सांगणार? गावकऱ्यांनाच ते ठाऊक असतं. त्यांना न विचारता आखलेली रेषा अपुरीच राहते, आणि मग त्याच रेषेवरून वर्षानुवर्षं भांडणं होतात.

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांभोवती बंधनं अधिक कडक आहेत. 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच. 2010 च्या दुरुस्तीने स्मारक खराब करणाऱ्याची शिक्षा तीन महिन्यांवरून दोन वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांवरून एक लाखापर्यंत नेला. त्याच दुरुस्तीने प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपविधी करायला सांगितलं. आजूबाजूच्या घरांची उंची किती, दर्शनी भाग कसा, हे त्यात ठरतं. मसुदा जाहीर झाल्यापासून 30 दिवसांत कोणीही हरकती-सूचना पाठवू शकतो. तीस दिवस! गावातल्या माणसाला मसुदा निघाल्याचं कळेपर्यंत त्यातले पंचवीस सरलेले असतात.

लातूरच्या गंजगोलाईसारख्या वास्तूची वाट वेगळी. मधली इमारत 1917 ची, आखणी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची, सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात. जिवंत बाजारपेठेसाठी नगररचनेचा 1966 चा कायदा अधिक उपयोगी पडतो, कारण वारसा इमारतींची यादी आणि नियम त्याच्या आधारे करता येतात. शहराचा प्रारूप विकास आराखडा निघाला की त्यावर हरकती मागवतात, सुनावणीही होते. त्या सुनावणीला प्लॉटवाले येतात, बिल्डर येतात. वारशासाठी आलेला माणूस मी क्वचितच पाहिला, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथवर झालं ते नियम-अधिसूचनांचं. मूळ कायदाच बदलायचा असेल तेव्हा लोकांना कधी विचारतात? केंद्राने 2014 साली धोरण म्हणून ठरवलं की विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा. पण धोरण मोडलं म्हणून कायदा रद्द होत नाही. न विचारता राज्याचा कायदा बदलायला गेलं की काय होतं, याचा अनुभव नांदेडने घेतला आहे. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा कारभार हैदराबाद विधिमंडळाने केलेल्या 1956 च्या कायद्याने चालतो. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या जागी नवा कायदा आणायला मंजुरी दिली. त्यात मंडळावर सरकारनियुक्त सदस्यांचं बहुमत होणार होतं. आम्हाला विचारलंच नाही, असं म्हणत शीख समाज नांदेडच्या रस्त्यावर आला आणि सरकारला थांबावं लागलं. मंडळावर किती सदस्य कुणाचे असावेत, यावर मतभेद असू शकतात. पण मसुदा आधी समाजापुढे ठेवला असता तर ही चर्चा रस्त्याऐवजी सभागृहात झाली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि विचारलं तर लोक लिहितात. राज्याच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीने सूचना मागवल्या तेव्हा बारा हजारांवर सूचना आल्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे. स्मारकाबाबतची प्रत्येक अधिसूचना सोप्या मराठीत त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवणं सक्तीचं करावं आणि मुदत त्या दिवसापासून मोजावी.

ते होईपर्यंत आपण करण्यासारखं पुष्कळ आहे. हरकत लिहायला वकील लागत नाही. साध्या कागदावर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, आपला गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, वास्तूपासूनचं अंतर, आणि नेमकं काय बदलावं ते लिहा. "आमच्यावर अन्याय होतो" एवढ्याने भागत नाही. "अमुक गटातली विहीर हद्दीबाहेर ठेवा" किंवा "अमुक पारावरचे वीरगळ हद्दीत घ्या" असं लिहिलं तर त्याची दखल घ्यावी लागते. संरक्षणाच्या बाजूनेही पत्र लिहा. विरोधकांचीच पत्रं फाइलला लागली तर वास्तूची बाजू लंगडी पडते. फोटो, नकाशा, जमल्यास ग्रामसभेचा ठराव जोडा. दोन प्रती करा, एक मुदतीच्या आत दाखल करा आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.