आयुष्यभराचं तेल

मिस्त्रींनी खालच्या ड्रेन प्लगला हातही लावला नाही. आधी गिअरबॉक्सच्या कुशीतला भरायचा प्लग शोधला, त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारला, पाना लावून जोर दिला आणि तो कुरकुरत सैल झाल्यावरच ते लिफ्टखालून बाहेर आले. "ताई, आधी भरायचं तोंड उघडतंय का ते बघायचं. खालून सगळं तेल सोडलं आणि वरचा प्लग अडकला, तर गाडी इथंच मुक्कामाला."

सकाळचे साडेसात. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीतलं दोन लिफ्टचं गॅरेज. गाडी मी आदल्या रात्रीच आणून ठेवली होती, कारण तेल पूर्ण थंड हवं होतं. निघेल तेवढं मोजायचं आणि तेवढंच नवं भरायचं. जुनं तेल तापलेलं आणि नवं थंड असलं तर ते माप चुकतं.

गाडी नऊ वर्षांची. ९२,००० किलोमीटर झालेले, टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एवढ्या वर्षांत इंजिनाचं तेल दर वर्षी बदललं, गिअरबॉक्सचं एकदाही नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सकाळी हलका हिसका बसू लागला तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. उत्तर ठरलेलं होतं: "मॅडम, सील्ड गिअरबॉक्स आहे. लाइफटाइम ऑइल. त्याला हात लावायचा नसतो." पुढच्या सर्व्हिसला पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

'सील्ड' या शब्दाने मी बरीच वर्षं फसले. वाटायचं, आत हवासुद्धा जात नसेल. प्रत्यक्षात अशा गिअरबॉक्सला श्वास घ्यायला नळी असते, तेल काढायला प्लग असतो, भरायलाही असतो. नसते ती फक्त पातळी बघायची डिपस्टिक. म्हणजे मालकाला आत डोकावता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मिस्त्रींनी ड्रेन प्लग सोडला. हे तेल कारखान्यातून लाल रंग घालून येतं. त्या रंगाने वंगणात काही भर पडत नाही, गळती कुठून होते ते ओळखू यावं एवढाच त्याचा उपयोग. माझ्या गाडीतून आलं ते काळपट तपकिरी, ट्रेच्या कडेला पातळ पसरलं तिथे कुठे लालसर झाक. मी घाबरले. मिस्त्रींनी दोन बोटांवर तेल घेऊन चोळलं, मग हुंगलं. "रंगावर जाऊ नका. काळं तर लवकर पडतं. जळका वास आला असता तर काळजी होती." वास होता, पण जळका नव्हता. मापाच्या डब्यात ३.४ लिटर भरलं.

मग चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं पसरट ताट, उतरवलं. त्याच्या आतल्या बाजूला छोटी लोहचुंबकं बसवलेली असतात. त्यांच्यावर राखाडी लगदा जमला होता, ओल्या रांगोळीसारखा. मिस्त्रींनी तो चिंधीवर पुसून उजेडात धरला. बोटांत चोळल्यावर मऊ लागणारी ही भुकटी म्हणजे क्लचच्या चकत्या आणि दातेरी चाकांची रोजची झीज. खरखरीत कण किंवा चकाकणारे कपचे असते तर त्यांनी तिथेच काम थांबवलं असतं. चुंबकं पुसून पूर्ववत ठेवली, फिल्टर आणि गॅस्केट नवं घातलं. चेंबरचे बोल्ट त्यांनी टॉर्क पान्यानेच आवळले. ॲल्युमिनियमचे आटे मनगटाच्या जोराने सहज जातात.

हे तेल इंजिनाच्या तेलासारखं निव्वळ वंगण नाही. पंपाने दाबलेलं हेच तेल क्लच मिटवतं आणि सोडतं, कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवतं, उष्णता बाहेर वाहून नेतं. शिवाय क्लचच्या चकत्यांनी किती घसरायचं आणि केव्हा घट्ट धरायचं, हेही त्यातल्या घर्षण सांभाळणाऱ्या रसायनांवर ठरतं. पहिल्या काही दशकांत या कामासाठी स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी घातली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. म्हणून मी या तेलाला गिअरबॉक्सचा एक सुटा भागच मानते, आणि भाग झिजतो. रसायनं खर्ची पडतात, दाट ठेवणारे लांब रेणू दातेरी चाकांत चिरडून तुटतात, उष्णतेने तेलाचं ऑक्सिडेशन होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे.

आणि आपण गाडी कुठे चालवतो? मी महिन्यातून एकदा ताम्हिणी उतरून माणगावकडे जाते, परतताना गाडी भरलेली आणि पूर्ण घाट चढणीचा. उरलेले दिवस हिंजवडीच्या रांगेत, दहा पावलं पुढे आणि दोन मिनिटं थांबून. कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये 'सिव्हिअर' वापराचं वेगळं कोष्टक असतं: चढ, धूळ, उन्हाळा, थांबत-थांबत चालणं. पुण्यामुंबईकडच्या बहुतेक गाड्या त्याच कोष्टकातल्या आहेत.

"पण लोक म्हणतात, जुन्या गाडीत नवं तेल घातलं की गिअरबॉक्स जातो," मी म्हटलं. मिस्त्रींनी ही भीती उडवून लावली नाही. त्यांनी समोरच्या लिफ्टकडे बोट केलं. तिथली गाडी १,८०,००० किलोमीटर चाललेली होती, चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. मालकाला तेल बदलून हवं होतं, मिस्त्रींनी नकार दिला होता. "त्यातले क्लच संपलेत. तेल बदलून क्लच परत उगवत नाहीत. आज बदललं आणि उद्या बंद पडली, तर तेलावर खापर फुटणार." या समजुतीचं मूळ इथेच आहे. लोक गिअरबॉक्स घसरू लागल्यावर तेलाची आठवण काढतात. दुसरं कारण दाबाने तेल फिरवणारं फ्लशिंग मशीन. वर्षानुवर्षं बसलेला गाळ त्याने सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो. माझ्या गाडीला त्यांनी ते लावलं नाही.

आता खरं कौशल्याचं काम. बरोब्बर ३.४ लिटर नवं तेल पंपाने आत गेलं, कंपनीने मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच प्रतीचं. 'सगळ्यांना चालतं' अशा तेलाचा डबा त्यांच्या फळीवर नव्हता, आणि ते मला फार बरं वाटलं. लिफ्ट सपाट आहे का ते पाहिलं, स्कॅनर जोडला, इंजिन सुरू केलं. ब्रेक दाबून एकेका गिअरमध्ये काही सेकंद थांबत सगळे गिअर फिरवले, म्हणजे वाटांमध्ये तेल भरतं. इंजिन चालूच ठेवायचं, कारण बंद केलं की कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरून पातळी खोटी दिसते.

स्कॅनरवर तेलाचं तापमान चढत होतं. २९, ३२, ३५. माझ्या गाडीसाठी पातळी ४० अंशांच्या आसपास बघायची असते. सात लिटर तेल पन्नास अंशांनी तापलं तर सुमारे पाव लिटरने फुगतं, म्हणून तापमान न बघता पातळी ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. कमी पडलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फिरती चाकं त्याचा फेस करतात. ३८ला मिस्त्री गाडीखाली गेले आणि पातळीचा प्लग सोडला. आधी करंगळीएवढी धार आली, मग ती दोऱ्यासारखी बारीक झाली, मग थेंब. धार तुटायच्या बेतात असताना त्यांनी नवा वॉशर घालून प्लग बसवला. स्कॅनरवर ४१ होते. बाहेर आलेलं तेल आता विटकरी लाल होतं.

विटकरी, कारण अर्ध्याहून जास्त जुनं तेल कन्व्हर्टर आणि नळ्यांतच राहतं. एका वेळी साधारण निम्मं निघतं: दुसऱ्या फेरीनंतर पाव जुनं उरतं, तिसरीनंतर आठवा हिस्सा. प्रत्यक्षात माझ्या गाडीत निम्म्याहून थोडं कमीच निघत होतं, म्हणून आम्ही हजार हजार किलोमीटरनंतर आणखी दोन फेऱ्या केल्या. सकाळचा हिसका पहिल्या फेरीनंतर कमी झाला, तिसरीनंतर मला जाणवेनासा झाला.

जर्मनीची झेडएफ कंपनी अनेक महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. त्यातल्या काही गाड्यांचे उत्पादक तेल आयुष्यभराचं मानतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदला असं सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकते.

तुमची गाडी एएमटी किंवा सीव्हीटी असेल तर हे तेल तिचं नाही, तिच्या मॅन्युअलमधलं पान वेगळं आहे. टॉर्क कन्व्हर्टर असेल, गिअर नीट पडत असतील आणि ६०,००० किलोमीटर ओलांडले असतील, तर हिसक्याची वाट बघू नका, तेल बदला. गॅरेजवाल्याला आधी दोन प्रश्न विचारा: पातळी किती अंशांना बघणार, आणि तापमान कशावर वाचणार. उत्तर मिळालं नाही, तर गाडी तिथे सोडू नका.