कोण राखावा, कोण सोडावा?

पावसाळा सरून फुटबॉलचा हंगाम जवळ आला, म्हणजे कोल्हापुरांत पेठापेठांतून एकच प्रश्न विचारला जातो : यंदा कोण कोणाकडून खेळणार? पाटाकडील तालमीचा गडी दिलबहारकडे जाणार कां, खंडोबा तालीम गोलरक्षक कोठून आणणार, शिवाजी तरुण मंडळ बाहेरगांवचा कोणता खेळाडू उतरविणार, याच्या वार्ता कट्ट्याकट्ट्यांवर पसरतात. आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे नोंदणी पुरी होईपर्यंत त्यांना ऊत आलेला असतो. पुढें मैदानावर जें दिसतें त्याचा निम्मा निकाल या रिकाम्या महिन्यांतच लागून गेलेला असतो, असें जाणते लोक म्हणतात, व तें खोटें नाहीं. परंतु कोणत्या हिशेबानें एक खेळाडू राखला जातो आणि दुसरा सोडला जातो, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. श्रोतेहो, आज तो करावयाचा आहे. आणि त्यासाठीं फुटबॉलपेक्षां कबड्डीचें उदाहरण घेणें सोयीचें आहे, कारण तेथें सगळा हिशेब उघड्यावर मांडला जातो आणि त्या हिशेबाच्या मध्यभागीं आपल्याच जिल्ह्यांतील एक गडी उभा आहे.

चंदगड तालुक्यांतील हुंदळेवाडी हें सिद्धार्थ देसाई याचें गांव. प्रो कबड्डी लीग ही स्पर्धा २०१४ सालीं आठ संघांनिशीं सुरू झाली. २०१७ पासून संघ बारा झाले. २०१८ च्या लिलावांत यू मुंबा या संघानें देसाईला ३६ लाख ४० हजार रुपयांस घेतलें. त्या हंगामांत त्यानें चढायांवर दोनशेंहून अधिक गुण मिळविले. दुसऱ्या वर्षीं तेलुगू टायटन्सनें त्याच्यासाठीं १ कोटी ४५ लाख रुपये मोजले, आणि त्या लिलावांतील तीच सर्वांत मोठी बोली ठरली. २०२१ सालीं त्याच संघानें त्याला १ कोटी ३० लाखांस परत घेतलें. २०२३ सालीं हरियाणा स्टीलर्सनें १ कोटीस. आणि २०२४ सालीं दबंग दिल्लीनें २६ लाखांस. म्हणजे सहा वर्षांत हा खेळाडू चौपट महाग झाला आणि पुन्हां मूळ किमतीच्याही खालीं आला. वय व दुखापत यांचा या उतरणींत वाटा आहेच. परंतु तेवढ्यानें हे आंकडे उलगडत नाहींत. ते उलगडावयाचे तर संघाची थैली पाहिली पाहिजे.

प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यास ठराविकच रक्कम मिळते. २०१८ सालीं ती ४ कोटी रुपये होती, २०१९ सालीं ४ कोटी ४० लाख झाली आणि २०२३ सालीं ५ कोटी. मालक कितीही धनाढ्य असला तरी यापलीकडे त्याला जातां येत नाहीं, आणि एवढ्यांतच अठरा ते पंचवीस माणसांचा संघ उभा करावा लागतो. लिलावापूर्वीं प्रत्येक संघ आपल्या जुन्या खेळाडूंपैकीं कांहींची नांवें राखून ठेवतो. त्यांचें मानधन थैलींतून आधींच वजा होतें. बाकीचे सुटतात. सुटलेल्या खेळाडूंचे वर्ग पाडलेले असतात व प्रत्येक वर्गाची किमान बोली ठरलेली असते. २०२३ सालीं ती अनुक्रमें ३०, २०, १३ आणि ९ लाख रुपये होती. शिवाय एक खुबीची सवलत आहे. आपण सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघानें अंतिम बोली लावली, कीं तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याचा हक्क मूळच्या संघाला कांहीं मोजक्या खेळाडूंपुरता वापरतां येतो. टायटन्सनें २०२१ सालीं देसाईला परत घेतलें तें या हक्कानें. आणि शेवटची वाट म्हणजे नवे तरुण खेळाडू. त्यांना अल्प मानधनावर घेऊन, शिकवून, कांहीं वर्षें आपल्याकडे ठेवतां येतें. ही वाट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधीरांना न मानवणारी.

आतां लिलावाचा स्वभाव पाहूं. कोल्हापूरकरांना तो समजावून सांगण्याची गरज नाहीं. शाहू मार्केट यार्डांतले गुळाचे सौदे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना तो पाठ आहे. एकाच प्रतीचे रवे सोमवारीं एका भावानें जातात व गुरुवारीं दुसऱ्या भावानें. गूळ तोच असतो, फक्त आवक आणि त्या दिवशींची खरेदीदारांची निकड बदललेली असते. खेळाडूंच्या लिलावांतही नांवें एकामागून एक पुकारलीं जातात. चांगला चढाईपटू आरंभीं पुकारला गेला तर सर्वांच्या थैल्या भरलेल्या असतात. तोच उशिरां आला तर त्याची गरज असलेल्या संघाकडे पैसा उरलेला नसतो, आणि पैसा उरलेल्याला त्याची गरज नसते. २०१४ सालच्या पहिल्या लिलावांत सर्वांत मोठी बोली राकेश कुमार याच्यावर पाटणा पायरेट्सनें लावली, ती १२ लाख ८० हजारांची. चारच वर्षांनीं मोनू गोयत याला हरियाणा स्टीलर्सनें १ कोटी ५१ लाखांस घेतलें. मोनू राकेशच्या बारापट चांगला खेळत होता असें कोणीही म्हणणार नाहीं. खेळाडूची किंमत ही त्याच्या गुणांची मोजणी नसून कोणत्या तरी संघांतील रिकाम्या जागेची मोजणी असते.

२०१९ सालीं यू मुंबापुढें हाच प्रश्न होता. देसाईनें एका हंगामांत नांव कमावलें होतें. त्याला ठेवावयाचें तर थैलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याच्यावरच खर्ची पडला असता. मुंबईनें तें टाळलें आणि फझल अत्राचली या इराणी कर्णधाराभोंवतीं आपला बचाव भक्कम ठेवला. लोकांना तें आवडलें नाहीं. हातचा वाघ सोडला असें सगळे म्हणाले. हंगामाअखेर पाहतां मुंबईचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला, आणि टायटन्स बारा संघांत अकरावे आले. देसाई मात्र त्या वर्षींही दोनशें गुणांच्या वर गेला होता! म्हणजे विकत घेतलेला माणूस खोटा ठरला नव्हता. त्याच्याभोंवतीं ठेवावयास टायटन्सकडे पुरेशी माणसें नव्हतीं. २०२१-२२ च्या हंगामांत तर तो तीन सामन्यांनंतर दुखापतीनें बाहेर बसला, आणि टायटन्सना बावीस सामन्यांत एकच विजय मिळाला.

याचें कारण कबड्डीच्या घडणींतच आहे. आमच्या पिढीनें ज्याला हुतूतू म्हटलें त्या खेळांत पकडला गेलेला गडी मरतो, आणि आपल्या बाजूनें प्रतिपक्षाचा एखादा गडी बाद केल्यावांचून तो जिवंत होत नाहीं. चढाईपटू कितीही बळकट असो, प्रतिस्पर्धी त्याच्यासाठींच टपलेले असतात, आणि तो मैदानाबाहेर बसला असतां त्याची किंमत शून्य असते. तेवढ्या वेळांत दुसऱ्या कोणी तरी प्रतिपक्षाचा गडी बाद करून त्याला परत आणावें लागतें. हा दुसरा माणूस चांगला नसेल तर पहिल्यावर ओतलेला पैसा बाकावर बसून राहतो.

२०२३ सालच्या लिलावानें याची जणूं परीक्षाच घेतली. त्या वर्षीं दोन संघांनीं आपल्या पांच कोटींपैकीं सुमारें अर्धी थैली एकेका खेळाडूवर रिकामी केली. टायटन्सनीं पवन सेहरावत या अव्वल चढाईपटूस २ कोटी ६० लाख ५० हजारांस घेतलें, आणि पुणेरी पलटणनें मोहम्मदरेझा शादलुई या इराणी बचावपटूस २ कोटी ३५ लाखांस. खर्चाचें प्रमाण जवळजवळ सारखें. परंतु टायटन्स शेवटच्या स्थानीं राहिले, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादला पलटणनें हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून विजेतेपद मिळविलें.

हा फरक लिलावाच्या दालनांत पडलेला नाहीं. तो दोन वर्षें आधींच पडला होता. अहिल्यानगर जिल्ह्यांतील असलम इनामदार व त्याच्यासमवेत मोहित गोयत यांना पलटणनें २०२१ सालीं अगदीं तरुणपणीं घेतलें होतें. पंकज मोहिते त्याहूनही आधींचा. नाशिकचा आकाश शिंदे त्यांत मिळाला. चढाईचें ओझें या चौघांनीं वांटून घेतलें, त्यामुळें एखादा बाद झाला तरी संघ अडत नव्हता. २०२२ सालीं हाच संघ अंतिम सामन्यांत जयपूरकडून हरला. तेव्हां त्यांच्याकडे फझल अत्राचली होता, १ कोटी ३८ लाखांस घेतलेला. हरल्यावर पुण्यानें पोरांना राखलें आणि अनुभवी फझलला सोडलें. अनेकांना हें उफराटें वाटलें असेल. मला तो त्या संघाचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. तरुण खेळाडू स्वस्त होते म्हणून थैली भरलेली राहिली, आणि थैली भरलेली होती म्हणूनच शादलुईसारखा माणूस घेतां आला. टायटन्सनीं आधीं कळस विकत घेतला आणि मग भिंतींसाठीं विटा शोधूं लागले.

परंतु विजेतेपदानंतरची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. २०२४ च्या लिलावापूर्वीं पुण्यानें शादलुईलाही सोडलें. त्याला राखावयाचें तर थैलीचा मोठा भाग पुन्हां अडकला असता, आणि मधल्या काळांत पोरेंही महाग झालीं होतीं. स्वस्त तरुणांची हीच अडचण, तीं कायम स्वस्त राहत नाहींत. हरियाणानें त्याला २ कोटी ७ लाखांस घेतलें. त्या हंगामांत असलम गुडघ्याच्या दुखापतीनें बाहेर बसला, पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोंचली नाहीं, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजीं पुण्याच्याच बालेवाडींत हरियाणा स्टीलर्सनें पाटण्याला ३२-२३ असें नमवून चषक नेला. पुणेकरांना तो सामना पाहणें किती जड गेलें असेल हें सांगावयास नको. मग शादलुईला सोडणें चुकलें काय? एका वर्षापुरतें पाहिलें तर चुकलें. पण २०२५ सालीं तीच पलटण, असलम परत आल्यावर, शादलुईवांचून पुन्हां अंतिम सामन्यांत होती. तेथें दबंग दिल्लीनें तिला ३१-२८ असें तीन गुणांनीं हरविलें. संघाच्या बांधणीचा निवाडा एका हंगामावर करूं नये, एवढें तरी यावरून दिसतें.

आतांपर्यंत आपण संघाच्या बाजूनें पाहिलें. खेळाडूच्या बाजूनें पाहण्यासाठीं थोडें अमेरिकेस जावें लागेल, कारण हा वाद बेसबॉल या खेळांत सर्वांत आधीं व सर्वांत कडवेपणानें लढला गेला. तेथें हिवाळ्यांत सामने बंद असतात आणि संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. माणसास माणूस, किंवा माणसास रोकड. बोस्टनच्या संघानें बेब रूथ हा थोर खेळाडू न्यूयॉर्कला विकला तो अशाच एका हिवाळ्यांत, १९१९ च्या अखेरीस, एक लाख डॉलर्सला. बोस्टननें १९१८ नंतरचें पुढचें अजिंक्यपद मिळविलें तें २००४ सालीं. या सौद्यांत खेळाडूला विचारण्याची चाल नव्हती. १८७९ पासून असा नियम रूढ होत गेला कीं करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क जुन्या संघाकडेच राहावा. १९६९ सालीं सेंट लुईसच्या संघानें कर्ट फ्लड यास फिलाडेल्फियाला देऊन टाकलें. फ्लड गेला नाहीं. आपण विकण्याची वस्तु नव्हें असें म्हणून तो न्यायालयांत गेला. १९७२ सालीं तो सर्वोच्च न्यायालयांत हरला, आणि त्याची खेळांतली कारकीर्द त्यांतच संपली. तीन वर्षांनीं, १९७५ च्या डिसेंबरांत, मेसरस्मिथ व मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या बाजूनें लवादानें निकाल दिला, आणि खेळाडू मोकळे झाले. आतां सहा वर्षांची नोकरी भरली व करार संपला कीं बेसबॉलपटू स्वतःच्या मर्जीनें संघ निवडतो. कोणी जास्त पैसा पाहतो, कोणी घराजवळचें गांव.

आमच्या कबड्डींत ही मोकळीक अद्याप आलेली नाहीं. खेळाडू लिलावासाठीं नांव देतो. पुढें मुंबई, हैदराबाद कीं दिल्ली, हें पुकारा करणाराच्या हातोड्यावर ठरतें. भाव चढला तर खेळाडूचा फायदा होतो हें खरें, परंतु भाव पडतांना त्याला कोणाशीं बोलणी करतां येत नाहींत, आणि दम, गुडघे, खांदे यांवर चालणारें हें आयुष्य दहा-बारा वर्षांच्या वर फारसें जात नाहीं. म्हणूनच रेल्वे, पोलीस किंवा बँक यांतील नोकरी अजूनही घरच्या मंडळींना लिलावाच्या आंकड्यापेक्षां भरंवशाची वाटते. या बाबतींत पेठेंतला फुटबॉलपटू अधिक स्वतंत्र आहे. त्याला मिळणारा पैसा कबड्डीपटूच्या मानानें किरकोळ असेल. परंतु कोणत्या तालमीच्या नोंदणीपत्रकावर सही करावयाची हें तो स्वतः ठरवितो, आणि त्याबद्दल गल्लींत जे टोमणे ऐकावे लागतात तेही स्वतःच ऐकतो.

देसाईचें नांव २०२४ च्या ऑगस्टमध्यें मुंबईंत पुकारलें गेलें, तेव्हां त्याचा वर्ग वीस लाखांचा होता. दबंग दिल्लीकडे नवीन कुमार व आशू मलिक हे दोन पहिल्या प्रतीचे चढाईपटू आधींच होते. त्यांना हवा होता तो या दोघांपैकीं एक बाद झाला असतां उभा राहूं शकेल असा तिसरा, आणि तिसऱ्या जागेसाठीं त्यांच्या थैलींत जें उरलें होतें त्यांतून २६ लाखांची बोली लागली. त्या हंगामांत दिल्ली उपांत्य फेरीपर्यंत गेली.